बायपास हिवाळ्यात करावी की उन्हाळ्यात? आमच्या घरातले दोन अनुभव

आमच्याकडं मोठं ऑपरेशन म्हटलं की घरातून पहिला सूर निघतो, "उन्हाळ्यात करू." शेत रिकामं असतं, पोरांच्या शाळेला सुट्ट्या असतात, पुण्यात नोकरीला असलेला मुलगा चार दिवस जास्त थांबू शकतो. थोरल्या भावाची, म्हणजे दादाची, हृदयाची बायपास आम्ही याच हिशोबानं मे २०१९ मध्ये करून घेतली. माझी डिसेंबर २०२२ मध्ये झाली. दसऱ्याच्या सुमाराला माझी अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी, झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, त्रास गोळ्यांनी आटोक्यात आहे, दोन-तीन महिने इकडं-तिकडं झाले तरी चालेल, पण वर्ष काढू नका. अशी मुभा ज्यांना मिळाली आहे त्यांच्यासाठीच हे लिहितोय. हृदयाच्या डाव्या मुख्य रक्तवाहिनीतच अडथळा असेल किंवा बसल्या जागी छातीत दुखत असेल, तर ऋतूचा विचार मनातही आणू नये.

आधी हिवाळ्याचा जाच सांगतो, कारण तो मी अंगावर काढलाय. परभणीकडची थंडी बाहेरच्यांना खरी वाटत नाही, पण कृषी विद्यापीठातला पारा काही वर्षी ५ अंशांच्याही खाली जातो. गार हवेनं रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्तदाब चढतो. माझा पौष महिन्यात सकाळी १५० च्या घरात जायला लागला आणि गोळी वाढवावी लागली. नाडी ताब्यात ठेवणाऱ्या गोळीनं हातपाय आधीच गार पडतात, त्यात ही थंडी. मी दिवसभर पायमोज्यांत असायचो. हृदयविकाराचे झटके थंडीत जास्त येतात हेही खरं आहे, आणि माझ्या बायकोच्या मनात तीच धास्ती होती.

खोकला हा दुसरा शत्रू. ऑपरेशनसाठी कापलेलं छातीचं हाड तारेनं बांधलेलं असतं आणि ते धड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात, पुरतं घट्ट व्हायला तीन महिने. तोवर एक शिंकसुद्धा उशी छातीशी कवटाळूनच द्यायची. नेमक्या त्याच दिवसांत आमच्या आखाड्यावर तुरीची रास चालू होती. पोरगा मशीनवरून तसाच घरात आला, कपड्यांवरची भुसाची धूळ उडाली आणि मला अशी उबळ आली की हाड पुन्हा उकललं की काय असं वाटलं. त्या दिवसापासून रासेवरून येणाऱ्यानं न्हाणीतून अंघोळ करूनच माझ्या खोलीत यायचं असा नियम केला. फ्लूची लस मी डॉक्टरांना विचारून आधीच घेतली होती. आणखी एक गोष्ट आम्हाला कुणी सांगितली नव्हती. आमची जुनी वाकळ चांगली जड आहे. रात्री झोपेत ती वर ओढली की छातीत कळ यायची. शेवटी ती घडी करून ठेवली आणि दोन हलक्या शाली घेतल्या.

एवढं सगळं असूनही माझं पारडं हिवाळ्याकडंच झुकतं, आणि त्याचं कारण पाणी.

दादाच्या हृदयाचं पंपिंग, म्हणजे रक्त पुढं ढकलायची ताकद, कमी होऊन ४० टक्क्यांवर होतं. अंगात पाणी साठू नये म्हणून घरी सोडताना लघवीची गोळी दिली आणि दिवसाला दीड लिटर पाणी, असं माप घालून दिलं. त्यात चहा, ताक, आमटी, गोळ्यांबरोबरचा घोट, सगळं धरायचं. ते दुष्काळाचं वर्ष होतं, गावात टँकर चालू होते, पारा ४३-४४ च्या आसपास. दुपारी वीज गेली की कूलर बंद. वहिनी सकाळी एक लिटरची आणि एक अर्ध्या लिटरची अशा दोन बाटल्या भरून त्याच्या उशाशी ठेवायची आणि दिलेल्या प्रत्येक कप चहामागं तेवढं पाणी काढून घ्यायची. दोन वाजेपर्यंत मोठी बाटली रिकामी व्हायची. मग तो लिंबाची फोड चोखायचा, गार पाण्याच्या चुळा भरून थुंकायचा आणि कोपऱ्यातल्या रांजणाकडं बघत पडून राहायचा. बाहेर टँकरभोवती घागरींचा आवाज आणि घरात तहानलेला माणूस. तो दुसरीकडं तोंड करून पडला की वहिनीला रडू यायचं.

घरी आल्यावर दहाव्या दिवशी तो चारच्या सुमाराला बाजेवरून उठला आणि त्याच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. मी धावत जाऊन त्याला काखेत हात घालून उचललं. या ऑपरेशननंतर नेमकं तेच करायचं नसतं. दादा ज्या आवाजात ओरडला तो मला अजून आठवतो. रक्तदाब ९० च्या खाली होता. डॉक्टरांनी फोनवर गोळी निम्मी केली आणि पाणी दोन लिटरवर नेलं. पुढच्या तीन दिवसांत वजन दोन किलोनं वाढलं, घोट्याला बोट दाबलं की खड्डा पडायला लागला. परत गोळी पूर्ण, परत दीड लिटर, परत चक्कर. महिनाभर हा झोका चालला. दर फोनला पहिला प्रश्न असायचा, "पाणी किती, लघवी किती?" दोन्ही आम्ही वहीत लिहून ठेवलेलं असायचं. पण घाम किती गेला हे आम्ही कुठल्या मापानं सांगणार? उन्हाळ्यात तोच आकडा सगळ्यात मोठा असतो आणि तोच हाती लागत नाही.

घामाचा आणखी एक त्रास होता. बायपाससाठी पायातली शीर काढलेल्या बाजूला घट्ट पायमोजा घालायचा असतो. हातानं जोर लावायची मनाई, म्हणजे तो दुसऱ्यानंच चढवायचा, आणि ओल्या पायावर तो चढता चढत नाही. दादानं दुसऱ्या आठवड्यातच टाळाटाळ सुरू केली. पायाची जखम पाझरायला लागली. गरम महिन्यांत ऑपरेशनच्या जखमा जास्त चिघळतात असं अनेक देशांतल्या नोंदींत दिसलंय. त्याच्या पायाला तेच कारण होतं की त्याची शुगर, हे मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

मला डिसेंबरात माप तेवढंच होतं, दीड लिटर. संध्याकाळी बाटलीत पाणी उरायचं. रोज सकाळी वजन करायचो, ते अर्ध्या किलोच्या आत-बाहेर राहिलं, आणि सहाव्या आठवड्याला लघवीची गोळी बंद झाली. चालण्याचंही तसंच. उन कोवळं झालं की दहा वाजता बाहेर पडायचं, हवं तर चार वाजता पुन्हा. पहाटेच्या गारठ्यात मात्र पाऊल बाहेर ठेवलं नाही. दादाला मे महिन्यात साडेपाच ते सात एवढीच सवड होती. एक दिवस उठायला उशीर झाला की त्या दिवसाचं चालणं अंगणाच्या सावलीत येरझाऱ्यांवर भागवायचं.

आता हेही खरं की माझं पंपिंग ५० टक्के होतं आणि मला शुगर नाही. त्यामुळं दोघांना एका तराजूत घालणं पुरतं न्याय्य नाही. ज्यांना दमा आहे किंवा दर थंडीत महिनाभर खोकला असतो, त्यांनी कदाचित माझ्या उलट ठरवावं. पावसाळ्याबद्दल एवढंच की हवा सोसवते, पण शेवाळलेल्या अंगणात पाय घसरला तर जुळत आलेल्या हाडाचं काय, याचा विचार करावा.

माझ्या मते दसरा ते संक्रांत हा काळ उत्तम. पहिले आठ आठवडे होळीच्या आत संपले पाहिजेत, असं मागं मोजत यावं. शेतीच्या कामाचे दिवस आहेत म्हणून पुढं ढकलू नका. माझ्या वेळी कापूस वेचायला रोजानं जास्त बायका लावल्या, तुरीची रास पोरानं एकट्यानं केली. तेवढा खर्च झाला, पण निभावलं. मात्र डॉक्टरांनी मार्चमध्ये सांगितलं असेल तर दिवाळीची वाट बघू नका, उन्हाळ्यातच करा. फक्त दवाखान्यातून निघण्याआधी दोन गोष्टी कागदावर लिहून घ्या: चक्कर आली, जुलाब-उलट्या झाल्या तर लघवीच्या गोळीचं काय करायचं, आणि वजन किती दिवसांत किती वाढलं की फोन करायचा. आम्हाला दोन-तीन दिवसांत दोन किलो असं सांगितलं होतं, पण ते दादाच्या दवाखान्याच्या तिसऱ्या फेरीला. इन्व्हर्टरची बॅटरी आधी बदलून घ्या, पायमोज्यांचे दोन जोड घ्या. आणि उठताना तोल गेला तर काखेत हात न घालता पाठीमागून आधार कसा द्यायचा, हे घरातल्या प्रत्येकाला तिथल्या फिजिओथेरपिस्टकडून करून बघायला लावा.