झिरकोनियमच्या भावात काचेचे मणी

बीड मिल (बारीक मण्यांनी रंग-शाई दळायचं यंत्र) चालवणाऱ्या छोट्या रंगवाल्यांनो, शाईवाल्यांनो, झिरकोनियम सिलिकेटचे मणी बाजारभावापेक्षा बरेच स्वस्त देतो म्हणत कुणी आलं, तर पैसे सोडण्याआधी हे वाचा.

आमच्याकडे आलेल्या व्यापाऱ्याचं सॅम्पल अस्सल होतं. सोबत शिक्का मारलेला टेस्ट रिपोर्ट. पूर्ण पैसे आगाऊ घेतले, मग 25 किलोच्या सीलबंद गोण्या आल्या. मणी गोल, चकचकीत, 1.5 ते 2 मिमी. गोण्या टम्म भरलेल्या. माल भरपूर दिसतोय म्हणून सगळे खूश!

शंका आली ती ऑपरेटरला. मिलचा चेंबर नेहमीइतकाच भरला, पण वजनात मणी लागले नेहमीच्या दोन-तृतीयांशच. व्यापारी फोनवर म्हणाला, "नवीन माल आहे साहेब, जरा रुळू द्या." रेड ऑक्साइडचा घट्ट बेस घेतला होता. मिलमधून पास वर पास झाले तरी हेगमन गेजवर (कण किती बारीक झाले ते मोजायची पट्टी) बारीकपणा येईना, पेस्ट तापत राहिली. मग फुटक्या मण्यांचे तुकडे चाळणीच्या फटीत बसले आणि प्रेशर चढलं. मिल उघडली तर आत काचेचा चुरा. तो रंगातही उतरला होता. अख्खा बॅच गेला.

काचेशी वाकडं नाही. कीटकनाशकांची सस्पेन्शनं, मऊ पिगमेंट, पातळ माल यांना ती चालते, स्टीलसारखा काळपटपणा सोडत नाही. पण मग भावही काचेचाच द्यायचा ना.

ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. मोजपात्रात 50 मिली पाणी घ्या, त्यात 100 ग्रॅम मणी सोडा. पाणी 25 मिलीच्या आसपास चढलं तर सिलिकेट, 40 मिली चढलं तर काच. सिलिकेटची घनता 4 च्या जवळ, काचेची 2.5; रंग-चकाकी फसवते, ही नाही. सॅम्पलवर नको, आलेल्या गोणीतल्या मण्यांवर करा, आणि तळातलेही घ्या.

आता बिलाची गंमत. त्यावर नुसतं 'ग्राइंडिंग बीड्स' आणि पुढे 70 ने सुरू होणारा एचएसएन कोड, म्हणजे मालाचा प्रकार सांगणारा आकडा. जीएसटीत 70 म्हणजे काच, सिरॅमिक 69 मध्ये. पैसे परत मागितले तेव्हा हाच कोड दाखवून व्यापारी म्हणाला, "काचच विकली, कागद बघा." म्हणून ऑर्डरमध्ये 'झिरकोनियम सिलिकेट' हे नाव आणि घनता लिहून घ्या, आणि निम्मे पैसे तपासणीनंतरच द्या. आमची नोटीस गेली आहे, उत्तर अजून नाही. फोन मात्र बंद लागतो.