केबल जोडली म्हणून फोन कीबोर्ड होत नाही: मला आलेला फसवणुकीचा अनुभव

लॅपटॉपवर पाणी सांडून त्याच्या निम्म्याहून अधिक की बंद पडल्या. कामाच्या फाइली त्याच लॅपटॉपमध्ये अडकल्या होत्या आणि काम त्याच दिवशी पाठवायचे होते, म्हणून हातातला अँड्रॉइड फोन कीबोर्डसारखा वापरता येतो का, हे मी घाईघाईने शोधू लागलो. तेव्हा एका ॲपची जाहिरात सापडली. फोन केबलने जोडा आणि टाइप करायला लागा, संगणकावर काहीही इन्स्टॉल करावे लागत नाही, पासवर्डच्या स्क्रीनवर आणि बायोसमध्येही (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या स्क्रीनवरही) चालते, असे तिच्यात ठळक अक्षरांत लिहिले होते. मला नेमके हेच हवे होते, म्हणून मी लगेच पैसे भरले.

ॲप उघडल्यावर मात्र पहिलीच सूचना अशी होती, की फोनमधील यूएसबी डीबगिंग (केबलने जोडलेल्या संगणकाला फोनला आदेश देऊ देणारी सेटिंग) सुरू करा आणि संगणकावर आमचा ‘रिसीव्हर’ प्रोग्रॅम टाका. लॅपटॉप तर पासवर्ड मागत थांबलेला होता आणि तो टाइप करता येत नव्हता म्हणूनच हा सारा खटाटोप चालला होता. विक्रेत्याला तसे कळवल्यावर उत्तर आले, की रिसीव्हरशिवाय चालवायचे असेल तर फोन रूट करावा लागेल, म्हणजे त्याच्या यंत्रणेवरचे पूर्ण अधिकार मिळवावे लागतील आणि त्यासाठी वेगळे पॅकेज घ्यावे लागेल. मी तिथेच थांबायला हवे होते. परंतु आधीचे पैसे वाया जाऊ नयेत म्हणून मी पुन्हा पैसे भरले आणि शेजाऱ्यांचा लॅपटॉप तासाभरासाठी मागून आणला.

रूट करण्यासाठी आधी बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारा प्रोग्रॅम, अनलॉक करावा लागतो. तो करताना फोनच्या काळ्या स्क्रीनवर इशारा आला, की पुढे गेल्यास फोनमधील सर्व माहिती पुसली जाईल. आवाजाच्या बटणाने पर्याय निवडायचा आणि पॉवरच्या बटणाने तो पक्का करायचा, एवढेच बाकी होते. मी त्या स्क्रीनचे छायाचित्र शेजाऱ्यांच्या फोनवरून विक्रेत्याला पाठवून विचारले. ‘ही नेहमीची सूचना आहे, डेटा जात नाही, पुढे जा,’ असे उत्तर मिनिटभरात आले. मी बटण दाबले आणि फोन कोरा झाला. ज्यांचा बॅकअप घेतलेला नव्हता, ती सगळी छायाचित्रे गेली. अनलॉक करताना डेटा पुसला जाणे ही सुरक्षेसाठी मुद्दाम केलेली व्यवस्था आहे, हे रूट करण्याचे पॅकेज विकणाऱ्याला ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

एवढे होऊनही फोन कीबोर्ड झाला नाही. ‘तुमच्या फोनच्या कर्नेलमध्ये सोय नाही’ असा संदेश ॲपने दाखवला. कर्नेल म्हणजे फोनच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. याचे कारण मी नंतर समजून घेतले. कोणतेही यूएसबी उपकरण जोडले, की संगणक आधी त्याला ‘तू कोण आहेस’ हे विचारतो. कीबोर्ड स्वतःची ओळख एचआयडी या (कीबोर्ड, माउस यांसारख्या उपकरणांच्या) वर्गातले उपकरण अशी देतो आणि दाबलेल्या कींची माहिती छोट्या संदेशांतून पाठवत राहतो. बायोसला समजणारा त्याचा साधा संदेश 8 बाइटचा असतो. नेहमीच्या वापरातला फोन मात्र फाइल देवाणघेवाण, छायाचित्रे किंवा इंटरनेट शेअरिंग यांसाठीचे उपकरण म्हणून पुढे येतो. त्याने ‘मी कीबोर्ड आहे’ असे सांगायचे, तर तशी सोय कर्नेलमध्येच असावी लागते आणि ती वापरायला साधारणपणे रूटचे अधिकार लागतात. साध्या ॲपला ते अधिकार नसतात. ओटीजी ॲडॉप्टर घेऊनही हे साधत नाही, कारण त्याचे काम नेमके उलटे आहे: त्यामुळे फोनला बाहेरचा कीबोर्ड जोडता येतो.

त्यामुळे ‘केबलने, रूटशिवाय आणि संगणकावर काहीही न टाकता’ या तिन्ही गोष्टी एकत्र देण्याचा दावा कोणी करत असेल, तर कृपया पैसे भरू नका. अँड्रॉइड 9 पासून, म्हणजे 2018 पासून, ब्लूटूथवरून कीबोर्ड होण्याची सोय ॲपना रूटशिवाय मिळाली आहे आणि बऱ्याच फोनवर ती चालते; पण त्यासाठी आधी संगणकाशी जोडणी करावी लागते आणि बायोसमध्ये तिचा भरवसा धरता येत नाही.

माझा अडलेला पासवर्ड अखेर माउसनेच भरला गेला. विंडोजच्या लॉगिन स्क्रीनवर खाली उजव्या कोपऱ्यात सुलभतेचे चिन्ह असते. त्यातून ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडतो आणि त्यासाठी काहीच विकत घ्यावे लागत नाही.

विक्रेत्याने डिजिटल वस्तू परत घेत नाही असे सांगून पैसे परत द्यायला नकार दिला आणि आता तरी रिसीव्हर टाकून पाहा, असा सल्ला दिला. मी तो टाकला नाही, कारण टाइप केलेले प्रत्येक अक्षर, पासवर्डसकट, त्या प्रोग्रॅममधून जाते. ॲप काढून टाकले, डीबगिंग बंद करून संगणकांना दिलेल्या परवानग्या रद्द केल्या आणि ‘डेटा जात नाही’ हा संदेश जोडून बँकेकडे दोन्ही रकमांची तक्रार नोंदवली आहे.