माऊसचं चाक: मेकॅनिकल की ऑप्टिकल?

बाहेरून दोन्ही चाकं सारखीच दिसतात, कामाचं तत्त्वही एकच. चाक फिरलं की दोन सिग्नल निघतात, एक दुसऱ्यापेक्षा सिग्नलच्या पाव आवर्तनाने मागे. आधी कोणता बदलला यावरून संगणक दिशा ओळखतो. हे सिग्नल तयार कसे होतात, त्यावर चाकाचं आयुष्य ठरतं.

मेकॅनिकल प्रकारात चाकाचा षटकोनी आस एका छोट्या डबीत बसतो. फिरण्याचे सिग्नल करणारी ही डबी म्हणजेच एन्कोडर. आत धातूच्या पट्ट्यांवर पाती घासत फिरतात. टिक-टिकही त्याच डबीतली, म्हणून टप्पे ठसठशीत लागतात. पण पट्ट्या झिजतात, काळ्या पडतात, ग्रीस पसरतं. मग स्पर्श मध्येच तुटतो, सिग्नलांचा क्रम चुकतो आणि खाली जाणारं पान अचानक वर उडी मारतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या थेंबाने ते सुधारतं, पण ग्रीसही धुऊन जातं, त्यामुळे दुखणं बऱ्याचदा परततं. खरा उपाय म्हणजे नवा एन्कोडर: सिग्नलच्या तीन पिना आणि डबीचे कान उतरवून पुन्हा सोल्डर करायचे. मागवण्याआधी सर्किट बोर्डापासून डबीतल्या आसाच्या भोकाच्या मध्यापर्यंतची उंची मोजा. ९ मिमीच्या जागी ११ मिमीचा आणला, तर चाक कवचाला घासतं किंवा मधलं बटण नीट दबत नाही.

ऑप्टिकलमध्ये खाचांचं चाक इन्फ्रारेड एलईडी आणि सेन्सरच्या मधून फिरतं. घासणारा विद्युत स्पर्शच नाही. अडतं ते केस-धुळीमुळे, आणि त्याला कोरडा ब्रश पुरतो. टिक मात्र वेगळ्या स्प्रिंगची. ती सैल झाली की चाक दोन टप्प्यांच्या मध्ये थांबतं आणि पान जागच्या जागी थरथरतं.

 

दिवसभर लांबलचक फायली चाळणाऱ्याने ऑप्टिकलच घ्यावं. गेममध्ये एका टिकला एकच शस्त्र बदलायचं असेल, तर मेकॅनिकलचा ठामपणा बरा. फक्त डबी बदलायची तयारी हवी.

हातातला माऊस बिघडलाय असं वाटलं, तर उघडण्याआधी तो दुसऱ्या संगणकावर लावा. लांब पान उघडून चाक हळूहळू एकाच दिशेने फिरवा. तिथेही पान उलटं सरकलं, तर दोष माऊसमध्येच आहे.