हवा मोजायचं यंत्र: एक गाळप हंगाम वापरल्यावर

जयसिंगपुरात आमचं मेडिकल दुकान आहे. दिवाळी सरली, साखर कारखान्यांची धुराडी पेटली की खोकल्याच्या बाटल्या आणि नेब्युलायझरची औषधं मी जादा मागवून ठेवतो. उत्तरेला सांगली, पश्चिमेला कोल्हापूर, दोन्ही शहरं केंद्राच्या २०१९ च्या स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत. मधल्या आम्हाला कोण विचारतंय! म्हणून मुलीनं पुण्याहून आजीच्या दम्यासाठी हे यंत्र आणलं. ४,३०० रुपये, आकारानं चहाच्या डब्याएवढं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढं तक्रारी आहेत.

आतला बारका पंखा हवा ओढतो, तिच्यातून लेझरचा उजेड जातो आणि तो कणांवर किती विखुरतो त्यावरून पीएम २.५ चा, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचा, आकडा निघतो. म्हणजे अंदाजच. धूळ गाळून तिचं वजन करावं तसं हे नाही. आपल्याकडं २४ तासांच्या सरासरीची सरकारी मर्यादा घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये स्वतःची मर्यादा १५ वर आणली. पावसाळ्यात आमच्या माडीवर ८-१० दिसायचं, तेव्हा पैसे पाण्यात गेले असं वाटलं होतं.

पहिला दणका दिला तो स्वयंपाकघरानं. आईनं मिरचीची फोडणी घातली आणि ठसका लागायच्या आत आकडा २२ वरून ३४० वर. तेव्हापासून आमच्याकडं फोडणीआधी खिडकी उघडायचा नेम झालाय.

डिसेंबरात मागच्या शेतातला ऊस तुटून गेला आणि रविवारी संध्याकाळी पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, पेटलं. दहा मिनिटांत ४८०. अंगणात जळक्या पानांचे काळे तुकडे पडायला लागले, आईनं वाळवण उचलता उचलता त्या शेतकऱ्याचा उद्धार केला. गंमत म्हणजे ते काळे तुकडे यंत्राच्या हिशेबातच नाहीत. एवढं मोठं काही छातीत उतरत नाही. उतरतं ते न दिसणारं, आणि तुकडे पडायचे थांबल्यावरही आकडा दीड तास २०० च्या खाली आला नाही. त्या शेतकऱ्याला मी पाचट सरीत कुजवायचं सुचवलं. तो म्हणाला, खोडव्याला (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटणाऱ्या पिकाला) पाणी फिरत नाही, उंदीर होतात, पाचटाची कुट्टी करणाऱ्या यंत्राचं भाडं तुम्ही देता का? माझ्याकडं उत्तर नव्हतं.

पण या यंत्रानं माझा खरा गैरसमज मोडला तो सकाळच्या हवेचा. वीस वर्षं मी गिऱ्हाइकांना सांगत आलो, पहाटे फिरायला जा, ताजी हवा घ्या. थंडीत रात्री जमीन गार होते, तिच्या लगतची हवा गार होऊन खालीच बसते, वरची उबदार हवा झाकण घातल्यासारखी राहते आणि रात्रीचा सगळा धूर त्याखाली. सकाळी सहाला १२०, दुपारी दोनला ४५, हे मी महिनाभर वहीत लिहिलं. आता मी चारच्या उन्हात फिरतो आणि दम्याच्या लोकांनाही तेच सांगतो. लोक हसतात.

आता तक्रारी. धुक्यात याच्यावर विसंबू नका. दमट हवेत कण पाणी धरून फुगतात. एकदा कृष्णाकाठी याला घेऊन गेलो तर २१०, आर्द्रता ९२ टक्के. तेव्हा आधी आर्द्रतेचा आकडा बघायचा, मग घाबरायचं. रंगही परक्या मापानं लावलेत: ३५ पर्यंत हिरवा, आपल्या सरकारी हवा निर्देशांकात मात्र 'चांगली' हवा ३० लाच संपते. बॅटरी दोन तासांची म्हणतात, मिळतात सव्वा. लाइट गेली की घड्याळ बाराला. चार मेल टाकल्यावर कंपनीनं नवी वायर पाठवली, जी मी मागितलीच नव्हती.

तरी पाचपैकी साडेतीन. घरात दम्याचं माणूस असेल तर घ्या, फक्त ओट्यापासून लांब ठेवा.

जानेवारीत ऊसतोड टोळीतली एक बीडकडची बाई पोराच्या खोकल्याचं औषध न्यायला आली. काउंटरवरचं यंत्र बघून विचारलं, "हा वजनाचा काटा हाय का?" हवेचा आहे म्हणालो. "मग आमच्या कोपीत आणून बघा की."

रविवारी तिच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, गेलो. चूल पेटलेली, सरपण ओलं, पोर शेजारीच झोपलेलं. आकडा ९९९ वर गेला आणि तिथंच थांबला. मला वाटलं बिघडलं. बाहेर आणलं तर हळूहळू उतरलं. याच्या पलीकडं यंत्र मोजतच नाही, आणि हे माहितीपुस्तिकेत कुठं लिहिलेलं नाही.