एकाच कंपनीच्या सिमचा फोन की मोकळा?
कोकण किनाऱ्यावर वेळणेश्वरला घरी दोन फोन. आईचा स्वस्तातला, एकाच कंपनीच्या सिमवर चालणारा. माझा मोकळा, म्हणजे कुठल्याही कंपनीचं सिम घेणारा, दोन प्रीपेड सिमांचा. आईला पडवीत रेंज मिळत नाही, माडाखाली जाऊन उभं राहावं लागतं. भर पावसात छत्री धरून ती बोलते, ते बघवत नाही. दुसऱ्या कंपनीचं सिम तो फोन घेतच नाही. माझं एक नेटवर्क गेलं की दुसरं असतं. कंपनी बदलायची तर १९०० वर पोर्टचा मेसेज टाकायचा, नंबर तोच राहतो. मात्र आधीच्या कंपनीकडे ९० दिवस झालेले हवेत. दोन रिचार्जचा खर्च होतो खरा, पण किनाऱ्यालगत मोकळाच घ्यावा. सिम घेण्याआधी शेजाऱ्याचा फोन मागून आपल्या पडवीत रेंज बघा.