सुटा इनलेट व्हॉल्व्ह: घ्यावा का?

टॉप लोड वॉशिंग मशीनसाठी मिळणारा, नळाचं पाणी मशीनमध्ये सोडणारा हा पाऊण इंची, २२०-२४० व्होल्टचा सुटा व्हॉल्व्ह काम चोख करतो. पण मशीनमध्ये पाणी भरत नाही म्हणून नवा मागवण्याआधी जुन्याची जाळी बघाच. नळ बंद करा, प्लग काढा, पाइप सोडवा आणि व्हॉल्व्हच्या तोंडातली जाळी पकडीने अलगद ओढा. बोअरचं पाणी असेल तर तिथे पांढरा क्षार आणि टाकीतली बारीक रेती घट्ट बसलेली असते. कोमट पाण्यात लिंबूसत्व घालून भिजवली, जुन्या ब्रशने घासली की बहुतेक वेळा मशीन पुन्हा भरू लागते. एलजीच्या मशीनवर 'आयई' (पाणी भरत नसल्याचा एरर कोड) आलं तरी सुरुवात इथूनच करा.

जाळी स्वच्छ, तरी पाणी नाही? प्लग काढलेला ठेवूनच मल्टीमीटरने कॉइल (व्हॉल्व्ह उघडणारी तारेची गुंडाळी) तपासा. साधारण ४ किलो-ओहम आले तर कॉइल शाबूत. आकडाच नाही तर जळाली. प्लग काढूनही टबात पाणी झिरपत असेल तर व्हॉल्व्हच्या आतला, पाणी अडवणारा रबरी पडदा गेला. या दोन्ही वेळी व्हॉल्व्ह बदलावाच लागतो.

एक मोठी उणीव: टाकी जेमतेम २ मीटर वर असेल तर दाब ०.२ बारच मिळतो आणि हा फारच सावकाश भरतो. वरच्या मजल्यावर राहत असाल तर दुकानात कमी दाबाचाच मागा. रबरी वॉशर सोबत येत नाही.