पोस्टग्रेस: विचाराल तेवढंच सांगणारं

कोल्हापूरकडच्या गावांतल्या दूध संस्थांना मी संकलनाचं सॉफ्टवेअर करून देतो. डेटाबेस पोस्टग्रेस, आवृत्ती 14. फुकट आहे आणि मधेच लाइट गेली तरी कमिट झालेल्या, म्हणजे पक्क्या नोंदलेल्या, पावत्या जात नाहीत. एवढ्यावरच साडेचार तारे. अर्धा का कापला ते सांगतो.

एका संस्थेत दीड हजार उत्पादक. दोन वेळचं दूध, दहा दिवसांचं बिल, म्हणजे 30,000 पावत्या एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (झालं तर सगळं, नाहीतर काहीच नाही). पहिल्या हजार चुटकीसरशी व्हायच्या, मग चाल मंदावत जायची, शेवटी तर मुंगी परवडली. एका संध्याकाळी सचिवांचा फोन: “ओ सर, बिल अजून फिरतंयच की! माणसं किटल्या घेऊन उभी हायत, पावती निघंना.”

पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी, म्हणजे डेटाबेसमध्ये आत्ता कोण काय करतंय ती यादी, उघडली. पावतीचं सेशन (डेटाबेसशी जोडणी) लॉकसाठी, म्हणजे दुसऱ्याने धरून ठेवलेली ओळ सुटायची वाट बघत, थांबलेलं. अडवतंय कोण? पीजी_ब्लॉकिंग_पिड्सने सरळ बोट दाखवलं: माझंच बिल. पण बिल स्वतः कुणासाठी थांबलं नव्हतं. वेट इव्हेंट (कशासाठी थांबलंय तो रकाना) रिकामा, प्रोसेसर मात्र तापलेला. इंडेक्स टाकला, मेमरी वाढवली, ढिम्म. अर्धा दिवस यातच गेला.

मग टेस्ट डेटाबेसवर बिगिनने ट्रान्झॅक्शन उघडून बिलातला अपडेट (ओळ बदलायचा आदेश) एक्सप्लेन ॲनलाइझने, बफर्ससकट पाहिला, म्हणजे तो चालवताना किती पानं वाचली जातात ते दिसतं. (अपडेट खरोखर होतो बरं का, रोलबॅक करून बदल मागे घ्यायला विसरू नका.) सुरुवातीला एका ओळीसाठी दोन-चार पानं (डेटाचे ठोकळे) वाचत होतं, पंचवीस हजार फेऱ्यांनंतर शेकडो. तिथं ट्यूब पेटली. पोस्टग्रेस ओळ जागच्या जागी बदलत नाही, दर अपडेटला नवी प्रत लिहितं. माझा ट्रिगर (नोंद होताच आपोआप चालणारा कोड) प्रत्येक पावतीला संस्थेच्या एकूण रकमेची तीच एक ओळ अपडेट करत होता. ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत जुन्या प्रती व्हॅक्यूमलाही (पोस्टग्रेसच्या झाडूवाल्याला) उचलता येत नाहीत, आणि पुढचा प्रत्येक अपडेट त्या सगळ्या तुडवत ताजी प्रत शोधत बसतो.

बिलापुरता ट्रिगर बाजूला काढला, शेवटी एकदाच बेरीज आणि एकच अपडेट. चार मिनिटांचं काम बारा सेकंदांवर आलं.

चूक माझीच, मान्य. पण लॉग_लॉक_वेट्स ही सेटिंग या आवृत्तीत मुळात बंद येते. चालू असती तर सेकंदाच्या वर अडलेली प्रत्येक पावती लॉगमध्ये दिसली असती, आणि सचिवांचा फोन यायच्या आधी मलाच कळलं असतं. आता नव्या संस्थेत इन्स्टॉल करताना पहिली तीच चालू करतो.